दाजींना अडवायचं कसं

आमच्या उचगावात जावयाला फार मान. पहिलं ताट त्याचं, आणि बायकोच्या धाकट्या भावानं त्याच्याशी बोलायचं ते मान खाली घालून. हे सगळं ठीक. पण तोच जावई त्याच्या सांबरा गावाकडून आट्यापाट्या खेळायला समोर उभा राहिला, तर काय करायचं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

खेळ तसा साधा. भात कापून मोकळ्या झालेल्या शेतात राखेनं आडव्या पाट्या आखायच्या. एकेका पाटीवर आमचा एकेकजण उभा. समोरच्यांनी पाट्या ओलांडून पार जायचं, आणि आम्ही पाटी न सोडता, तिच्यावरच सरकत, त्यांना शिवायचं. शिवला तो बाद. गेल्या जत्रेत दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, माझ्या पाटीवरून तीनदा पार गेले. डावीकडं बघून हसले, मी डावीकडं झेपावलो, ते उजवीकडून निघून गेले. तिन्ही वेळा हेच! इतका बावळट माणूस पंचक्रोशीत शोधून सापडला नसता.

पण गावाला तो बावळटपणा वाटलाच नाही. "दाजी म्हणून वाट सोडली," असं जो तो म्हणू लागला. आप्पांनी, माझ्या वडिलांनी, संध्याकाळी पारावर बसायला जाणं बंद केलं. आमचा म्होरक्या अंगानं दांडगा आणि जिभेनं त्याहून दांडगा. तो म्हणाला, "औंदा ते तुझ्या पाटीवरनं गेलं, तर तू घरात दाजीचं पाय चेपत बस. हिकडं फिरकू नगंस." बावळट म्हटलेलं मला चाललं असतं, फितूर म्हटलेलं सोसवेना.

जत्रेच्या आठ दिवस आधी आक्का माहेरी आली. सकाळी धार काढायला बसताना मला म्हणाली, "वासरू अडीव." धार होईपर्यंत वासरू आईला लुचू नये म्हणून घरामागच्या परड्याच्या कवाडात कुणीतरी उभं राहावं लागे. लग्नाआधी ते काम तिचंच. वासरानं डावीकडं मान टाकली, मी डावीकडं गेलो, आणि ते उजवीकडून थेट आचळाशी! आक्का इतकी हसली की चरवीतलं दूध सांडलं.

"तोंडाकडं काय बघतोस रं? तोंड खोटं बोलतंय. कंबर बघ. कंबर वळल्याबिगर कुणाला जाता येतंय व्हय?"

धार झाल्यावर तिनं चुलीतली राख आणून परड्यात रेघ ओढली. लुगडं घट्ट खोचलं आणि मागं कमरेला एक फडकं लोंबतं ठेवलं. "मी जाणार. तू राख सोडायची न्हाय. फडकं ओढायचं."

पहिल्या दिवशी फडक्याला माझं बोटसुद्धा लागलं नाही. दोन लेकरांची आई, पण सगळं अंग एकीकडं झुकवायची आणि पाय उचलायची ती दुसरीकडं. मी आ वासून बघतच राहिलो. जिच्या कडेवर बसून मी लहानाचा मोठा झालो, तिच्या अंगात हे होतं आणि मला ठाऊकच नव्हतं! दुसऱ्या दिवशी तिनं माझे हात मागं बांधले आणि नुसतं राखेवर सरकायला लावलं. "पायात पाय घालू नगंस. पडशील." तरी माझी नजर तिच्या तोंडाकडंच जायची. मग तिनं थोरांसमोर घेतात तसा पदर तोंडावर ओढला आणि तशीच पळू लागली. आता तोंडच नाही, बघणार काय? तेव्हा कुठं मला कंबर दिसली. सहाव्या दिवशी फडकं माझ्या मुठीत आलं.

"आक्का, पण ते दाजी हाईत. तुला वाईट न्हाय वाटणार?"

"मान घरात दे. राखंवर दाजी न्हाय न् कोण न्हाय." फडकं झटकत ती जरा थांबली. "आप्पा पारावर गेलं पायजेत रं."

जत्रेच्या दिवशी दाजी माझ्या पाटीसमोर आले आणि हसले असतील. मी बघितलंच नाही. अंग डावीकडं झुकलं, कंबर तिथंच, मीही तिथंच. कंबर उजवीकडं वळली, तेव्हा माझा हात आधीच तिथं पोचला होता. म्होरक्यानं मला खांद्यावर घेतलं.

संध्याकाळी घरी मी रिवाजाप्रमाणे दाजींच्या पायांवर पाणी घालत होतो. ते हळूच म्हणाले, "कंबर बघितलास न्हवं? फडकं खोचून शिकवलं आसंल."

मान खाली घालायचं विसरून मी थेट त्यांच्याकडं बघितलं.

"मला पळायला कुणी शिकवलं वाटतंय तुला?" दाजी हसत म्हणाले. "चार वरसं झाली, आमच्या परड्यात ती राखंवर उभी ऱ्हातीया न् मी पळतोय. आजून एकदा बी तिला चुकवून गेलो न्हाय."

आत आलो. खुंटीवर आप्पांचा पटका नव्हता, ते पारावर गेले होते. आक्का चुलीपुढं पोळ्या लाटत होती. खेळाच्या शेतात बायका येत नसत, तीही कधी आली नव्हती. मी काही बोलायच्या आत तिनंच विचारलं, "पाटी खरंच केवढी लांब आसती रं?"

मी परड्यात जाऊन तिला पावलांनी मोजून दाखवली. लाटणं हातात तसंच धरून ती दारात उभी राहून बघत होती.