नारळ, मोहरी आणि अवसेचं उधाण

मंडळी, आपली शिक्षकांची फिरती वही आज माझ्याकडे आली, आणि आजच सातवीतल्या हेमाने मला कोड्यात पाडलं. तेच लिहितो.

तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहू लागल्यापासून आमच्या मुलांना विज्ञानाचं भलतंच वेड लागलंय. शाळेच्या प्रदर्शनासाठी सूर्यमाला करायची होती. सकाळी शिरगावच्या वाळूत सूर्य म्हणून नारळ ठेवला. वीस पावलांवर रुमाल पसरून मोहरीचा दाणा ठेवला, ती पृथ्वी. त्याच्यापासून दोन बोटं अंतरावर खसखशीचा कण, तो चंद्र.

"एवढ्याशा चंद्रामुळे भरती येते," मी ऐटीत म्हणालो.

हेमाच्या घरची होडी आहे. ती म्हणाली, "गुरुजी, अवसेला चांद दिसतच नाय. तरी उधाण येतं. आज पण येल."

मी खसखस मोहरीच्या अलीकडे, नारळाच्या बाजूला सरकवली. "अमावस्येला चंद्र इथे असतो. सूर्यही त्याच बाजूने ओढतो, म्हणून जोर वाढतो."

हेमाला पटलं. मग तिनेच खसखस मोहरीच्या पलीकडे ठेवली. "आन् पुनवेला चांद इथं. दोघं दोन बाजूंना वडतात. मग पाणी कमी चढाय पाहिजे ना? तरी उधाण का येतं?"

मी खसखस पुन्हा अलीकडे-पलीकडे करून पाहू लागलो. तेवढ्यात भरतीची लाट रुमालावरून गेली. नारळ तेवढा हेमाने वाचवला.

प्रदर्शनात तिचा प्रश्न मी मोठ्या अक्षरांत लावणार आहे. तुमच्यापैकी कुणाला उत्तर ठाऊक आहे का? पौर्णिमेच्या आत उत्तर हवं; पंधरा दिवस आहेत, आणि हेमा मोजतेय.