बांधाकडची ओळ

युरोपला जाणाऱ्या डाळिंबात औषधाचा अंश राहिलाय का, हे तपासायला केडगावहून एक जण आमच्या बागेत येतो. चहा घेत नाही, घरी फळ नेत नाही. युरोपला ‘तिकडची मंडळी’ म्हणतो, जणू सोयरेच.

परवा अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, त्याला बागेच्या मधोमध नेलं. तिथली फळं तोडून तो न विचारता बांधाकडे वळला. शेजाऱ्यानं आदल्याच दिवशी कपाशीवर औषध मारलं होतं आणि वारा आमच्या बागेकडे होता. अण्णांचा चेहरा उतरला.

“आमी काय मारतो याच्याशी त्यांना काय करायचंय, साहेब? आमाला त्यांनी कधी बघितलं न्हाई.”

“तुमचं काय न्हाई, अण्णा. त्यांना त्यांच्या पोरांच्या ताटाची काळजी हाय.” पिशवीला सील लावत तो म्हणाला, “थोडी त्यांच्या बागवाल्यांचीबी.”

सॅम्पल नापास झालं की हाच माल इथल्या बाजारात जातो, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

गाडीला किक मारता मारता तो थांबला.

“पोरीसाठी एक डाळिंब द्या, अण्णा. पर मधल्या ओळीतलं.”