सुई उतरेपर्यंत

आमच्या घराण्यात यंत्रांतलं कोणालाच काही कळत नाही, आणि त्यामुळे माझं आजवर एकही काम अडलेलं नाही.

बरकतपुऱ्यात सासऱ्यांकडे एक जुना रेकॉर्ड-प्लेअर आहे. गणपतीत आरती त्यावरच लागते, कारण तीन पिढ्या हैदराबादेत काढल्यावर आरतीचे शब्द आता फक्त त्या रेकॉर्डलाच पाठ आहेत. (आम्ही टाळ्या उत्तम वाजवतो.) यंदा बाजूची छोटी दांडी खाली केली की सुई अलगद उतरायच्या ऐवजी धप्पकन आदळू लागली. सासऱ्यांनी जाहीर केलं, जो जावई हे नीट करील, प्लेअर त्याचा. दुसरे जावई म्हणजे माझे कुकटपल्लीचे साडू. ते इंजिनिअर! म्हणून त्यांनी तोंड उघडायच्या आत मी प्लेअर उचलून घरी आणला.

दोष किरकोळ होता. दांडीखालच्या नळीत एक चिकट ग्रीस असतं, ते सुईला धरून हळूहळू खाली सोडतं. आमचं वाळून गेलं होतं. बायकोला घेऊन गौलीगुड्याच्या बाजारात नवं ग्रीस आणायला गेलो. दुकानदाराने विचारलं, "कैसा होना साब? पतला, बीच का, के गाढा?"

"घट्ट नक्को हो," बायको म्हणाली, "मधलं बस झालं."

पण बासुंदीपासून पिठल्यापर्यंत जे घट्ट ते चांगलं, हे माझं लहानपणापासूनचं मत आहे. शिवाय हैदराबादच्या उन्हाळ्यात पातळ ग्रीस वाहूनच जायचं! सगळ्यात गाढं घेतलं, नळी काठोकाठ भरली आणि दांडी वर-खाली करून पाहिली. काय मखमली चाल! सुई खाली येते का, ते तेवढं बघायचं राहिलं, कारण जेवायला वाढलं होतं.

चतुर्थीला सगळे जमले. कापूर पेटला, सासऱ्यांनी मला मान दिला, मी ऐटीत दांडी खाली केली आणि हात जोडले. सगळ्यांनी जोडले. सुई मात्र हवेतच.

"येतेय," मी म्हणालो. "जुन्या मशीनचा रुबाब असतो."

कापूर विझला. सासूबाईंनी दुसरा लावला. मोदकांची वाफ गेली. साडूंनी विचारलं, हाताने जरा दाबू का? मी त्यांना असं काही झिडकारलं, की जणू गणपतीलाच दाबायला निघाले होते. शेवटी सासरे म्हणाले, तोंडाने म्हणा. पहिलं कडवं दणक्यात झालं. दुसऱ्यात आवाज पातळ झाले. तिसऱ्यात नुसतं "हं हं हं" आणि टाळ्या. साडूंचा मुलगा तर उघडउघड तेलुगू गाणं म्हणत होता. कशीबशी आरती उरकली, प्रसाद वाटला, पंगत बसली, आणि माझा पहिला मोदक तोंडात असताना खरखर झाली. सुई टेकली होती! रेकॉर्डने पहिल्यापासून, मोठ्याने आरती सुरू केली. अख्खी पंगत खरकट्या हातांनी उभी राहिली.

 हात धुऊन सासरे माझ्याजवळ आले.

"जावईबापू, प्लेअर तुम्हीच न्या," ते म्हणाले. "फक्त पुढच्या वर्षीच्या आरतीसाठी सुई आजच सोडून ठेवा."

साडूंना अजून वाटतं, की तो टोमणा होता. साफ चूक! प्लेअर माझ्या घरी आहे, म्हणजे मीच जिंकलो. रोज सकाळच्या चहाबरोबर मी गाणं लावतो, आणि दुपारी जेवताना ते मजेत ऐकतो.