त्या दारावरचा पोचा

भावांनो, दुपारपासून नुसती किळस येतेय, म्हणून इथे ओकतो.

जपानात सेंदाईजवळच्या आमच्या गॅरेजात जुन्या रेसर्सच्या आठवणीत त्यांच्या गाड्या हुबेहूब बनवतात. मी डेंटर. दहावी नापास, पण पत्रा माझं ऐकतो.

आज अशाच एका रेसरची गाडी करून घेणारं गिऱ्हाईक आलं. जुना फोटो दाखवून म्हणालं, "डाव्या दाराला अस्साच पोचा पाडा." रेसर ज्या धडकेत मेला ना, तिचा पोचा!

आमचे म्हातारे पेंटर मोरी-सान पूर्वी त्याच रेसरच्या गाड्या रंगवायचे. आज त्याच दारावर त्याचा नंबर काढत होते. त्यांनी ब्रश खाली ठेवला आणि ते बाहेर गेले.

मी मालकाला म्हटलं, "हे नको ना." तो हळूच म्हणाला, "तुझ्या व्हिसाच्या कागदांवर सही माझीच लागते ना?"

मारला हातोडा. गिऱ्हाईक मोबाइल रोखून म्हणतं, "अजून खोल. फोटोत दिसायला हवा." परत मारला.

बाहेर जाऊन मोरी-सानची माफी मागितली. ते एवढंच म्हणाले, "हात धू, जेवून घे."

हात धुतले, पण डबा उघडलाच नाही. गिऱ्हाइकाची किळस येते, मालकाची येते, पण सगळ्यात जास्त माझीच. तुम्ही हातोडा खाली ठेवला असता का? खरं सांगा.