वीस मिनिटांचा जास्तीचा दिवस

बायको गेल्यानंतर आठ महिन्यांनी मी तिच्या वडिलांना घेऊन कोकणातल्या जंगलात गेलो. जायचं होतं ते तिला आणि मला. कारंज्याच्या मुलींच्या शाळेत ती भूगोल शिकवायची. सदाहरित वनांचा धडा तिनं वर्षानुवर्षं शिकवला, पण असं वन तिनं कधी पाहिलं नव्हतं. आमच्याकडे रान म्हणजे गावाबाहेरचा काळविटांचा माळ आणि उन्हाळ्यात पानं टाकून उभे राहिलेले साग. समुद्राजवळच्या एका अभयारण्यातली चार दिवसांची पायी सहल तिनं आजारी पडण्याआधी ठरवली होती. आजार कळल्यावर तिनंच ती वर्षभर पुढे ढकलली. "तोवर मी बरी होते," असं तिनं फोनवर सहलवाल्यांना सांगितलं होतं.

दिवाळी झाल्यावर तिकडून फोन आला. नाही म्हणून कळवायचं मी ठरवलं, आणि त्याआधी सासऱ्यांच्या कानावर घालावं म्हणून धान्यबाजारातल्या त्यांच्या दुकानात गेलो. त्यांना मी मामाजी म्हणतो. ते गादीवर बसून हरभरा निवडत होते.

"तिची जागा खाली कायले जाऊ द्याची?" ते म्हणाले. "मी येतो."

"मामाजी, डोंगर चढायचा आहे. यंदा तिकडे पाऊस लांबलाय. ओलं जंगल, जळवा असतात."

"शिखरजीचा डोंगर पायी चढलो मी. अन् जळू का वाघ हाय, जवाईबापू?"

मी हो म्हणालो, त्यामागे वेगळं कारण होतं. ती गेल्यापासून मामाजी एकदाच जेवत होते. आम्हा जैनांत त्याला एकासन म्हणतात. व्रत म्हणून लोक एखादा दिवस करतात, काही जण महिनाभर करतात. मामाजींनी सुरू केलं ते थांबवलंच नाही. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकायला लागलं होतं. एकदा ते सासूबाईंना म्हणाले होते, "लेकरू उपाशी गेलं. मले कसा जाईन दुसऱ्या वक्ताचा घास?"

ती उपाशी गेली नव्हती. हे फक्त मला माहीत होतं आणि मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

एसटी स्टँडवर सासूबाई पोचवायला आल्या. मामाजी बसमध्ये चढल्यावर त्यांनी मला खिडकीपासून लांब नेलं. "त्यायले दोनदा जेवू घाला. दुसरं काही नाई पाह्यलं त्या जंगलात तरी चालन."

मूर्तिजापूरहून रेल्वेनं कोल्हापूर, तिथून एसटीनं घाट उतरून मुक्कामावर. सोबत आठ-दहा माणसं, बहुतेक शहरांतली, गळ्यात दुर्बिणी. वाट दाखवायला तिथलीच एक तिशीतली मुलगी होती. तिनं पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांना मिठाच्या पुरचुंड्या वाटल्या. जळू चिकटली की मीठ लावायचं, ती गळून पडते. मामाजींनी पुरचुंडी हातात घेऊन पाहिली आणि परत दिली.

"आजोबानू, लागतली तुमका," ती म्हणाली.

"पोरी, मीठ लावलं तं ते जगते का?"

ती हसली. "ती कशी जगतली?"

"मंग राहू दे."

स्वयंपाक करणाऱ्या बाईंना मी आधीच फोन केला होता: कांदा, लसूण, बटाटा नको. त्या रोज पहाटे दोन डबे भरून द्यायच्या, पोळ्या आणि मुगाची कोरडी डाळ. एक दुपारचा आणि दुसरा, माझ्या आशेचा, दिवस मावळण्याआधीचा. मामाजी दुपारचा डबा ओढ्याकाठी बसून संपवायचे. दुसरा तसाच परत यायचा. बाई तो उघडून पाहायच्या आणि त्यातल्या पोळ्या गाईला घालायच्या.

जंगलाबद्दल मला फार लिहिता येणार नाही. मी कॉलेजात ग्रंथपाल आहे, झाडं मला पुस्तकांतून माहीत. पण पहिल्या दिवशी आत शिरल्यावर मला कळलं की धडा शिकवताना ती जे सांगायची ते सगळं खरं होतं. उजेड खालपर्यंत येतच नाही. झाडांच्या अंगावर झाडं. पाऊस थांबून तासभर झाला तरी पानांवरून थेंब पडत राहतात, म्हणजे वरचा पाऊस खाली पोचायला तेवढा वेळ लागतो. एक शेकरू, तांबूस आणि मांजराएवढं, फांदीवरून खाली वाकून आमच्याकडे बघत राहिलं. मामाजींनी त्याला हात जोडले. डोक्यावरून धनेश पक्षी गेला तेव्हा पंखांचा आवाज सुपानं धान्य पाखडल्यासारखा झाला, आणि मामाजी म्हणाले, "हे तं आपल्या दुकानातला आवाज हाय."

ओढा आला की ते थांबायचे. झोळीतून पांढरं फडकं काढून दुपदरी करायचे, त्यातून बाटलीत पाणी गाळायचे. मग फडकं उलटं करून त्यावर गाळलेलंच थोडं पाणी ओतून, त्यात अडकलेले जीव त्याच ओढ्यात परत सोडायचे. पाणी जिथलं तिथेच. वाट दाखवणारी मुलगी पहिल्या दिवशी घायकुतीला आली होती. दुसऱ्या दिवसापासून ओढा दिसला की तीच बाकीच्यांना सांगायची, "वाईच थांबा, आजोबांचा काम आसा."

तिसऱ्या दिवशी दुपारनंतर मामाजींच्या घोट्याला जळू लागली. मी ती पाहिली आणि घाबरून माझी पुरचुंडी सोडली.

"ठेवा ते," मामाजी म्हणाले.

"रक्त पितेय ती, मामाजी."

"पिऊ द्या. जेवून राह्यली ते. जेवत्याले उठवू नाई."

ते एका दगडावर पाय लांब करून बसले. बाकीच्यांना पुढे एक झऱ्याची जागा बघायची होती. मुलीनं आम्हाला तिथेच बसायला सांगितलं, तासाभरात याच वाटेनं परत येते म्हणाली, आणि ते सगळे गेले. आम्ही दोघं आणि ती जळू उरलो. सुरुवातीला सुतळीएवढी होती ती, हळूहळू फुगत गेली. मामाजी तिच्याकडे असं पाहत होते जसं पंगतीत वाढणारा माणूस पानाकडे पाहतो.

"भुकेला जीव हाय," ते म्हणाले. "त्याले काय धरम-अधरम."

हे वाक्य त्यांनी जळूसाठी म्हटलं होतं. पण मला वाटलं, आता नाही सांगितलं तर मी कधीच सांगणार नाही.

"मामाजी, ती उपाशी नव्हती गेली."

त्यांनी मान वर केली नाही.

मी सांगितलं. अमरावतीच्या दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिच्या पोटात काही राहत नव्हतं. एका संध्याकाळी, दिवे लागून बराच वेळ झाला होता, शेजारच्या खाटेजवळ डबा उघडला. मंगरूळपीरच्या एक बाई होत्या, त्यांच्या सासूला तिथे ठेवलं होतं. खिचडीचा वास आला आणि ही म्हणाली, मला दे. जन्मभर तिनं सूर्य मावळल्यावर घास घेतला नव्हता, सहलीत नाही, लग्नात नाही. मी म्हणालो, सकाळी करतो. ती म्हणाली, आत्ता. त्या बाईंनी वाटीत काढून दिली आणि मी तिला भरवली. त्यानंतर तीन दिवसांनी ती गेली. तिचा नेम माझ्या हातून मोडला, तिच्या वडिलांना हे कोणत्या तोंडानं सांगायचं, म्हणून मी आठ महिने गप्प होतो.

पानांवरून थेंब पडत होते.

"कोनाच्या घरची म्हणता?"

"मंगरूळपीरच्या बाईंची."

"कांदा असन तिच्यात."

"होता."

"गरम होती?"

"हो."

"तिले चव लागली का?"

"दोनदा मागितली," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा म्हणाली, लोणचं आहे का विचार."

मामाजींचा चेहरा हलला. ते हसले की रडले ते मला सांगता येणार नाही, दोन्हीला त्यांचे खांदे सारखेच हलतात. "लोणचं," ते म्हणाले. "लहानपनीही तसंच. दूधभातासंग लोणचं मांगे." मग धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं.

जळू भरली आणि आपोआप सुटून पानावर पडली. त्यांनी ते पान उचलून वाटेच्या कडेला, कुणाचा पाय पडणार नाही असं ठेवलं. घोट्यातून रक्त बराच वेळ वाहत राहिलं. मी माझा रुमाल बांधला आणि त्यांनी बांधू दिला.

त्या दिवशीही दुसरा डबा परत गेला. मी मनातून खचलो. सांगून मी स्वतःचं ओझं तेवढं उतरवलं, असं मला रात्रभर वाटत राहिलं.

शेवटच्या दिवशी सगळ्यांना सड्यावर नेलं. सडा म्हणजे जंगल संपून वर आलेलं कातळाचं उघडं पठार. तिथून पश्चिमेला एकामागे एक डोंगर उतरत गेलेले आणि सगळ्यांच्या शेवटी समुद्राची पट्टी. आम्ही पोचलो तेव्हा उन्हं तिरपी झाली होती. मामाजींनी सवयीनं खिशातून मंदिराचा कागद काढला. कारंज्याच्या मंदिरात रोजच्या सूर्यास्ताची वेळ छापलेला कागद मिळतो, त्यांचं जेवणखाण, पाणी सगळं त्यावर चालतं. त्यांनी कोपराजवळचं घड्याळ खाली ओढून पाहिलं, मग कागद, मग समोर.

"गेला," ते म्हणाले. "पाच चाळीस झाले. सूर्य बुडाला."

सूर्य समोर होता, समुद्रापासून चांगला हातभर वर.

त्यांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, कानाला लावलं. "बंद नाई पडलं," ते स्वतःशीच म्हणाले.

"तो कागद कारंज्याचा आहे, मामाजी. आपण पश्चिमेला आलोय आणि बरंच दक्षिणेलाही. या दिवसांत इथे सूर्य उशिरा मावळतो. वीसेक मिनिटं."

"तुमाले कोनं सांगितलं?"

"तिनं."

ते माझ्याकडे पाहायला लागले.

"संत्रं घेऊन दाखवायची. एका हातात संत्रं, दुसऱ्यात बॅटरी. तुम्हाला नाही का दाखवलं?"

"दाखवलं असन. मी हिशोबात असन तवा." त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "तिकडे बुडाला. तुमची सासू दिवा लावत असन आता. अन् इथं अजून हाय."

"हो."

ते उभे राहून समुद्राकडे पाहत होते. इतर माणसं फोटो काढत होती. वाट दाखवणारी मुलगी कुणाला तरी बंदर कुठलं ते बोटानं दाखवत होती.

"जवाईबापू," मामाजी म्हणाले, "तो डबा हाय का?"

मी झोळीतून काढला. हात ओले नव्हते तरी झाकण निघेना, शेवटी त्यांनीच ते उघडलं. आम्ही कातळावर समोरासमोर बसलो. त्यांनी एक पोळी माझ्या हातात दिली, एक स्वतः घेतली, डाळ मधे ठेवली.

"लवकर खा," ते म्हणाले. "बोलत नका बसू."

पहिला घास त्यांच्या घशाखाली जायला वेळ लागला. मग दुसरा गेला. सूर्याची खालची कड पाण्याला टेकली तेव्हा डब्यात पाव पोळी उरली होती. ती त्यांनी माझ्याकडे सरकवली आणि डबा पुसून घेतला.

"लोणचं पाह्यजे होतं," ते म्हणाले.