शेंदराखालचा आजा

माझा आजा इंग्रजांच्या फौजेत सुभेदार होता, हे आमच्या साताऱ्याकडच्या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कुणी सांगितलं म्हणाल तर मीच. मला माझ्या बापानं सांगितलं. बाप रांगत होता तेव्हाच आजा गेला, म्हणजे बापालाही दुसऱ्या कुणीतरी सांगितलं असणार. पण नुसती सांगोवांगी नव्हती, घरात पुरावा होता. आज्याचा खंजीर.

दर खंडेनवमीला, हत्यारं पुजायच्या दिवशी, कोयता, विळा, नांगराचा फाळ असं सगळं मांडलं की मधोमध पाटावर तो खंजीर. त्यावर बोटभर जाड शेंदराचा थर. जुना शेंदूर खरवडायचा नाही, तेलात कालवून वर नवा चढवायचा, ही आमच्या घरची रीत. त्यामुळं आतलं लोखंड मी जन्मात पाहिलं नव्हतं. देवाचं अंग कोण उघडं करतं?

यंदा खंडेनवमीला मी सौदीत होतो. पोरगा अबकैकच्या तेलाच्या प्लँटवर इंजिनियर, बिऱ्हाड दम्मामला. व्हिसा काढून त्यानं मला बोलावलं. मी म्हणालो, येतो, पण खंजीर बरोबर येणार.

"दादा, विमानात हत्यार?" फोनवर ओरडलाच.

"हत्यार न्हाई, देव हाय त्यो."

"मग तर अजूनच नको!"

मी आणला. मोठ्या बॅगेत, लोणच्याच्या बरण्यांच्या मध्ये. दम्मामच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं फडकं सोडलं, वास घेतला, नाक मुरडलं आणि "यल्ला, यल्ला" करत मला पुढं हाकललं. मी तर म्हणतो, घाबरला.

घरात पाऊल टाकलं तर सोफ्यावर, एसीच्या बरोबर खाली, आमचे व्याही. सुनेचे वडील. पुण्याचे, बँकेतून निवृत्त, मणभर शिकलेले. मी तिसरीपर्यंत गेलो, तेही मास्तर ओढून न्यायचे म्हणून. त्यामुळं आमचं दोघांचं छान जमतं. ते एक बोलले की मी दोन बोलतो.

नात चौथीत आहे, तिथल्या इंडियन शाळेत. तिच्या शाळेत आजी-आजोबांचा दिवस होता. पोरांनी स्टेजवर जाऊन आपल्या घराण्यातल्या एका जुन्या माणसाबद्दल बोलायचं आणि आजी-आजोबांनी पुढच्या रांगेत बसून ऐकायचं. नातीनं आमचा सुभेदार धरला. दिवसभर घरात सॅल्यूट ठोकत हिंडायची. फ्रिज उघडला की सॅल्यूट, दूध संपलं की सॅल्यूट. माझं काळीज सुपाएवढं झालं होतं.

"व्याहीबुवा," व्याही चष्मा पुसत म्हणाले, "पोर एवढ्या लोकांपुढं बोलणार. काहीतरी आधार हवा. सुभेदाराला पेन्शन असते, मेडल असतं. तुमच्या घरी यातलं काहीच नाही. आचारी असले तर?"

"आचारी? आचाऱ्याला खंजीर देत्यात व्हय?"

"कांदा चिरायला देत असतील."

सून फिस्सकन हसली. बापाच्या बाजूनं हसली, हे मी ध्यानात ठेवलं. आणि तिथंच बोलून गेलो, "आजा फौजेत नव्हता असं ठरलं तर मी त्या शाळेत पाय ठेवत न्हाई!"

नातीचा सॅल्यूट अर्ध्यावरच राहिला. "आजोबा, ऐसा मत बोलो ना. मेरे सामने कौन बैठेगा?" तिचा चेहरा एवढासा झाला. पण बोललो ते बोललो. आमच्या घराण्यात शब्द मागं घ्यायची पद्धत नाही.

मग सुनेनंच वाट काढली. पोराच्या ऑफिसातला एक सौदी साहेब हुफूफचा. तिथं त्याचा खजुराचा मळा, आणि बैठकीत बापजाद्यांचे जुने खंजीर भिंतीला टांगलेले. तो बघून सांगेल म्हणाली. पोरगा ड्युटीवर, म्हणून गाडी सून चालवणार; बरोबर मी, व्याही आणि नात. वाटेत कापड घ्यायला ती दुकानात गेली, आम्हीही थंडाव्याला मागं गेलो आणि खंजीर राहिला पुढच्या काचेखाली, रणरणत्या उन्हात. परत आलो तर गाडीची भट्टी झालेली. पुढं रस्ता मोकळा, सुनेनं गाडी अशी सोडली की व्याही डोळे मिटून काहीतरी पुटपुटायला लागले. मी काच खाली करून हात बाहेर काढला. वारा असा गरम की हाताला शेक मिळाला. म्हटलं, ह्या वाऱ्यावर आजा लढलाय! जरा वर गेलं की बसरा, पहिल्या महायुद्धात आपली फौज उतरली ते.

मळ्यात गेलो. साहेबानं गळाभेट घेतली, कहवा पाजला, खजूर भरवले. मी फडकं सोडलं आणि माझ्या हातातच ते झालं. उन्हानं मऊ पडलेला शेंदराचा सगळा थर, सापानं कात टाकावी तसा, सळकन निघून फडक्यात आला.

देवानं कवच टाकलं! मी हात जोडले. व्याह्यांनीसुद्धा जोडले, त्यांना पुण्यात असताना जमत नाही ते.

आत खंजीर नव्हता.

वीतभर पातं, लाकडी मूठ, आणि पात्याचं टोक पोपटाच्या चोचीसारखं आत वळलेलं. ह्यानं माणूस मारायचा तर आधी त्याला शांत बसायला सांगावं लागलं असतं. साहेबानं ते उलटंपालटं केलं, मोठ्यानं हसला, माझा हात धरला आणि आम्हाला थेट मागच्या पागेत घेऊन गेला. तिथं एका पेटीतून त्यानं अगदी तसंच दुसरं काढलं. घोडीचा खूर वर उचलला आणि खसाखसा तासून दाखवला.

खूर तासायची सुरी. इतकी वर्षं आम्ही नालबंदाच्या सुरीपुढं नारळ फोडत होतो.

व्याही हसले असते तर मी सहन केलं असतं. ते हसू दाबत होते, ते वाईट. त्यांचे खांदे हलत होते. माझे कान तापले. पण साहेबानं माझी सुरी उजेडात धरली आणि मुठीजवळ बोट ठेवलं. पात्यावर बाणाची खूण ठोकलेली होती. सुनेनं मोबाईलवर बघितलं आणि किंचाळली, "दादा! ही इंग्रज सरकारच्या मालाची खूण आहे. फौजेच्या सामानावर ठोकायचे!"

"बघा!" मी व्याह्यांच्या अंगावर ओरडलो. "फौज! फौजच!"

"फौज कबूल," ते म्हणाले. "सुभेदार नव्हे."

"पण आचारी तर न्हाई ना?"

"नाही हो. आचारी माझा गेला." आणि आता ते मोकळेपणानं हसले, मीही हसलो, घोडी बिचकली.

मला काय झालं कोण जाणे. जन्मभर बैलांचे खूर धरले आहेत मी. घोडीच्या खांद्याला खांदा लावला, पोटरीवरून हात खाली नेला, जीभ टाळूला लावून बैलाला करतो तसं 'च्च च्च' केलं. तिनं पाय दिला. साहेबाकडं बघितलं, त्यानं मान हलवली. आज्याची सुरी खुराला लावली आणि काय सांगू, पाळण्यातल्या पोराच्या नखासारखी साल वळत वळत निघाली! तेलाशेंदरात राहून राहून लोखंडाला गंज म्हणून शिवला नव्हता. घोडी माझ्या खांद्यावर रेलली. मला गुदगुल्या झाल्यासारखं झालं. ह्या वयात मी पागेत उभा राहून खी खी करत होतो आणि माझं मलाच थांबवता येईना.

परतीच्या वाटेवर मी म्हणालो, "नालबंदांचा बी कुनीतरी वरचा असंलच की. त्यांचा सुभेदार."

"झालं पुन्हा सुरू!" व्याही म्हणाले.

नातीनं माझी बाही ओढली. "आजोबा, तो अब मैं स्टेज पे क्या बोलूँ? सुभेदार?"

सुनेनं आरशातून बघितलं. सुभेदार म्हण, हे माझ्या जिभेवर आलं होतं, खोटं कशाला सांगू. चार पिढ्या घोटलेला शब्द तो. पण हाताला अजून घोडीचा वास येत होता, आणि तो मला सोडवेना.

"नालबंद सांग," मी म्हणालो. "पन मोठ्यानं सांग. दबकत सांगितलंस तर माझ्याशी गाठ हाय."

आजी-आजोबांच्या दिवशी मी फेटा बांधून पुढच्या रांगेत बसलो. व्याही शेजारी. नात इंग्रजीत बोलली, त्यातलं मला ओ का ठो कळलं नाही, पण 'नालबंद' एवढं कळलं, कारण माईक असताना ती ओरडली. मग एक पाय मागं उचलून घोडा कसा नाल मारून घेतो ते तिनं करून दाखवलं आणि तोल जाऊन धपकन बसली. सगळं सभागृह हसलं. बसल्या बसल्याच तिनं मला सॅल्यूट ठोकला. पहिली टाळी व्याह्यांची, मी उभा राहिलो म्हणून माझी उशिरा पडली.

पलीकडच्या खुर्चीवरच्या एका केरळी बाईंनी विचारलं, "आपका दादाजी? मिलिट्री में ऑफिसर था?"

"ऑफिसर नहीं," मी म्हणालो. "घोडे को नाल मारता था."

आणि पाठीमागच्या रांगांना ऐकू गेलं नसेल म्हणून वळून पुन्हा एकदा सांगितलं.