प्रतिभाताईंचा रविवार

प्रतिभाताई गेल्याचं मला एका जाहिरातीतून कळलं. सकाळी फोन उघडला तर कुणीतरी पुढे पाठवलेलं चित्र… वर ताईंचा हसरा फोटो, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’, त्याखाली शहराबाहेर, बेसाकडच्या एका शाळेचं बोधचिन्ह आणि अगदी तळाशी ‘अकरावी विज्ञान, पुढील वर्षाचे प्रवेश सुरू’. ताईंचा मुलगा अजून दवाखान्यातून कागद घेत होता, आणि शाळेचं चित्र मात्र तयार होऊन गावभर फिरत होतं. मी फोन पालथा ठेवला. रडू नाही आलं, किळस आली. रडू नंतर आलं, सक्करदऱ्याच्या त्यांच्या घरी भंतेजींनी वंदना सुरू केली तेव्हा. याला आता पाच आठवडे झाले. किळस काही गेलेली नाही. आणि खरं सांगायचं तर ती सगळी त्या शाळेची नाही, त्यातली बरीचशी माझी स्वतःची आहे.

आम्ही दोघी एकाच रक्तपेढीत तंत्रज्ञ होतो. त्या माझ्याहून आठ वर्षांनी मोठ्या. आमच्या भागात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, घरोघरी ऐकू येतो. ताईंचा धाकटा भाऊ त्याच आजारानं शाळेत असतानाच गेला होता. हातपाय दुखतात म्हणून तो रडायचा आणि घरचे म्हणायचे, शाळा बुडवायची नाटकं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, डबा खाता खाता, आणि पुढचा घास न घेता डबा बंद केला. निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातल्या पुढच्या खोलीत एक जुना मायक्रोस्कोप मांडला आणि वस्तीतल्या दहावी-बारावीच्या मुलामुलींना रविवारी बोलवायला सुरुवात केली. विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशी दाखवायच्या. नळीतल्या द्रावणात रक्ताचा थेंब मिसळून नळी रेघा मारलेल्या कागदासमोर धरायची. रेघा स्वच्छ दिसल्या तर ठीक, नळी गढुळली तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. तपासून घ्यायला आलेल्या लोकांना सुई ताईच टोचत. मुलांचं काम माणसांशी बोलण्याचं, समजावण्याचं. ते काम मुलांना नळीपेक्षा जड जायचं.

अंकिता नावाची एक मुलगी होती, डॉक्टर व्हायचंच म्हणून आलेली. पहिल्याच रविवारी तिनं विचारलं, “ताई, हे नीटच्या परीक्षेले येते का?”

“परीक्षेले नाही येत वं,” ताई म्हणाल्या, “माणसाले येते.”

निम्मी मुलं पुढच्या रविवारी आली नाहीत. अंकिता आली.

ती शाळा या गोष्टीत मी आणली. माझा भाचा तिथं शिकत होता, संचालकांशी ओळख होती. ताई एवढं करतात आणि कुणाला ठाऊक नाही, याचं मलाच वाईट वाटायचं. संचालक घरी आले, ताईंना वाकून नमस्कार केला, म्हणाले, तुमच्या कामाला मंच देऊ. मग मुलांना टी-शर्ट आले, प्रमाणपत्रं आली, आणि चाळीस मुलं बसमध्ये भरून मौद्याकडच्या एका खेड्यात तपासणीला गेली. त्यातली बरीच मुलं तपासणीला रक्त देणाऱ्या बायांच्या शेजारी उभी राहून फोटो काढत होती. एक मुलगा एका म्हातारीला सांगत होता, “आजी, थोडं दुखल्यासारखं तोंड करा नं.” तेव्हाच मला किळस यायला हवी होती. मी हसले होते.

पुढे शाळेच्या वार्षिक प्रदर्शनासाठी संचालकांनी मला माहिती मागितली. तपासणीच्या नोंदींची ताईंची वही माझ्याकडे होती. ताईंना न विचारता मी त्यातून यादी टाइप करून दिली. गाव, नाव, वय, निकाल. मला वाटलं ते आकडे काढतील. त्यांनी ती यादीच मोठी छापून भिंतीला लावली, फोटोंसकट. खाली लिहिलं, ‘आमच्या विद्यार्थ्यांनी शोधलेले रुग्ण’.

त्या यादीत त्याच खेड्यातली शीतल होती, वीस-एकवीस वर्षांची. ती रुग्ण नव्हतीच, वाहक होती. म्हणजे तिला स्वतःला काही त्रास नाही. नवराही वाहक किंवा रुग्ण असला तरच पुढं मुलांना धोका. पण भिंतीवर एवढं कोण वाचतं? तिचं लग्न ठरलं होतं. नवरदेवाच्या मावशीचा पोरगा त्याच शाळेत. मावशीनं भिंतीचा फोटो काढून पाठवला आणि दोन दिवसांत निरोप आला, पोरीच्या रक्तात दोष आहे, आमचं जमत नाही.

ताईंना हे अंकितानं सांगितलं. त्या लगोलग शाळेत गेल्या, मी मागोमाग. संचालक चहा मागवत होते.

“काहून लावलं?” ताईंनी विचारलं. “पोरीचं नाव भिंतीवर लावाले ते काय मतदार यादी होय का?”

“मॅडम, जनजागृती…” ते म्हणाले.

ताईंनी स्वतःच्या हातानं तो कागद ओढून काढला. मग माझ्याकडे वळून विचारलं, “यादी कोणं देल्ली?” मी मान खाली घातली. त्यांना कळलं. त्या मला रागावल्या नाहीत, आणि तीच शिक्षा मी अजून भोगते आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही शीतलच्या घरी गेलो. ताई, मी आणि अंकिता. ताई दारातूनच म्हणाल्या, “जय भीम, बाई.” शीतलची आई उंबऱ्यात उभी राहिली, आत या म्हणाली नाही. ताईंनी हात जोडले. “माहं चुकलं,” म्हणाल्या. माझं नाव घेतलं नाही. मी शेजारी उभी होते, तोंडात जीभ होती, तरी मी गप्प राहिले. मग शीतल आईच्या मागून पुढं आली. ओरडली नाही, रडलीही नाही.

“म्या रक्त देल्लं होतं,” ती म्हणाली. “नाव नव्हतं देल्लं.”

परतताना बसमध्ये अंकिता रडत होती. ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “हे शिकून घे. सुईनं एवढं नाही दुखत कोणाले.”

ताईंनी शाळा सोडली. शाळेनं ताईंना सोडलं नाही, माहितीपत्रकात त्यांचा फोटो राहिलाच. चाळीसातली चार मुलं ताईंबरोबर उरली. वर्षभर दर रविवारी ताई या चौघांना घेऊन त्या खेड्यात जात राहिल्या. आधी लोक दार लावून घेत. मग हळूहळू ओट्यावर बसू देऊ लागले. मुलं एकच गोष्ट सांगत, वाहक म्हणजे आजारी नव्हे, आणि मुलीचं रक्त तपासता तसं मुलाचंही तपासा. तो लग्न मोडणारा नवरदेव कधीच तपासायला आला नाही. शीतल मात्र एका रविवारी ओट्यावर येऊन बसली. पुढं तिनं ज्याच्याशी लग्न केलं, त्याला आधी स्वतःच ताईंकडे घेऊन आली.

शाळेनं शोकसभा ठेवली तेव्हा मी जाणार नव्हते. शीतलचा फोन आला, “मी सभेले येऊन राहिली, मावशी. तुमी या.” सभागृहात पडद्यावर फोटो फिरत होते. त्यात ती आजी होती, दुखल्यासारखं तोंड केलेली. संचालकांचा आवाज भरून आला, ताईंच्या नावानं एक पुरस्कार जाहीर झाला, मेडिकलला लागणाऱ्या विद्यार्थ्यासाठी. मग सहकारी म्हणून मला बोलावलं. मी माइकपाशी गेले आणि सांगितलं, याच इमारतीत एका मुलीचं नाव भिंतीवर लागलं होतं, तिचं लग्न मोडलं होतं, ती यादी मी दिली होती, आणि ताईंनी मरेपर्यंत ते स्वतःवर घेतलं. मला वाटलं, आता कुणीतरी काहीतरी बोलेल… संचालक उठले, “धन्यवाद मॅडम, फारच भावपूर्ण,” म्हणाले, आणि अल्पोपाहाराची व्यवस्था बाहेर केली आहे असं सांगितलं. लोक उठले. मागच्या रांगेत शीतल बसून होती. तिनं माझ्याकडे पाहून मान हलवली. माफ केलं की फक्त ऐकलं, मला अजून कळलेलं नाही. विचारायची हिंमतही नाही.

त्यानंतरच्या रविवारी ताईंच्या मुलानं पुढची खोली उघडून दिली. अंकिता आता डॉक्टरकीचं नाही, लॅब तंत्रज्ञाचं शिकते. दुसरं वर्ष आहे. पाच-सहा नवी पोरं दाटीवाटीनं बसली होती. दाखवायला कुणाचं तरी रक्त हवं होतं, मी बोट पुढं केलं. थंडीचे दिवस, माझे हात बर्फासारखे. अंकितानं लगेच सुई घेतली नाही. तिनं माझा हात स्वतःच्या दोन्ही तळव्यांत धरला, हळूहळू चोळला आणि विचारलं, “जेवण झालं का, मावशी?” रक्तपेढीत ताई प्रत्येकाचा हात असाच धरायच्या. बाहेर रांग ताटकळायची, मी चिडायचे, म्हणायचे, ताई, टोचा नं लवकर. त्या ऐकायच्या नाहीत. हात गरम होईस्तोवर सोडायच्या नाहीत.

“झालं,” मी म्हणाले. जेवण झालं नव्हतं. पण हात गरम व्हायला लागला होता, आणि पोरं सुईकडे नाही, आमच्या हातांकडे बघत होती.